उलट प्रॉक्सी: मुखत्याराच्या धन्यात झालेला पालट

‘प्रॉक्सी’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने वागणारा, मराठीत मुखत्यार. मुखत्याराविषयी पहिला प्रश्न त्याचा धनी कोण, हाच असतो. वेबवरील प्रॉक्सीच्या इतिहासात हा धनीच पालटला, ही गोष्ट तांत्रिक वर्णनांत सहसा दुर्लक्षिली जाते.

लुओटोनेन व ऑल्टिस यांनी १९९४ मध्ये वर्णिलेली सर्न येथील प्रॉक्सी वाचकाची सेवक होती. संरक्षक भिंतीआडच्या वाचकासाठी ती बाहेरून पाने आणी आणि त्यांच्या प्रती जपून ठेवी. हार्वेस्ट प्रकल्पातून १९९६ च्या सुमारास निघालेल्या ‘स्क्विड’चा मुख्य हेतूही हाच होता. तथापि तीच आज्ञावली मूळ सर्व्हरापुढे उभी करण्याची सोय हार्वेस्टमध्येच होती. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर प्रत्येक पान नव्याने रचू लागले, तेव्हा त्या सोयीला महत्त्व आले. धनी आता सर्व्हर झाला.

केवळ या दुसऱ्या धन्यासाठी घडविलेली आज्ञावली म्हणजे ‘व्हार्निश’. नॉर्वेतील ‘व्हेर्डेन्स गांग’ या वृत्तपत्रासाठी डॅनिश आज्ञावलीकार पॉल-हेनिंग काम्प यांनी ती लिहिली. पहिली आवृत्ती २००६ ची. स्क्विडवर काम्प यांचा आक्षेप मार्मिक होता. कोणती प्रत स्मृतीत व कोणती तबकडीवर, हे स्क्विड स्वतः ठरवी. संगणकाची कार्यप्रणाली तेच काम आधीच करीत असे, आणि दोघांची ओढाताण होई. व्हार्निशने ते काम कार्यप्रणालीवरच सोपविले. बारा स्क्विड-यंत्रांच्या जागी तीन यंत्रे पुरली, असे काम्प यांनी नमूद केले आहे.

‘कॅश’ हा शब्द ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. (मराठी कानाला तेथे रोकड ऐकू येते, हा निराळा घोटाळा.) प्रत लपलेलीच असते: आपल्यापुढचे पान ताजे की साठविलेले, हे वाचकास कळत नाही. म्हणून कोणती प्रत कोणास द्यावी, हा निर्णय नाजूक ठरतो. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये सामाईक साठ्यात ठेवू नये अशा उत्तरासाठी ‘प्रायव्हेट’ ही खूण होती. व्हार्निश तर कुकीसह आलेली विनंती, निराळी आज्ञा नसल्यास, थेट मागे धाडते. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. २५ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्टीम’ या खेळ-विक्रीच्या संकेतस्थळावर हल्ल्यामुळे वाहतूक वाढली, आणि घाईने लावलेल्या साठवणीच्या नियमांत चूक राहिली. एकाचे खाते दुसऱ्यास दिसू लागले. सुमारे ३४,००० ग्राहकांची पाने अशी परहस्ते गेली असावीत, आणि त्यांतील काहींवर त्यांचे पत्तेही होते.