घंटेच्या टापूबाहेर : वऱ्हाडातील कॅथलिक नित्यप्रार्थनेची साधने

कॅथलिक धर्मजीवनात प्रार्थनेचे दोन स्तर मानले जातात. पहिला स्तर मिस्साबलिदानासारख्या उपासनाविधींचा असून त्यासाठी धर्मगुरू, वेदी आणि जमलेला भाविकसमुदाय आवश्यक असतो. दुसरा स्तर नित्यप्रार्थनेचा, म्हणजे पहाटे, दुपारी आणि सायंकाळी घरात किंवा कामाच्या जागी करावयाच्या प्रार्थनेचा असून तिला यांपैकी कशाचीच अपरिहार्य गरज नसते. गरज नसली तरी आधार मात्र लागतो, आणि वसईच्या किंवा गोव्याच्या गावांत हा आधार चर्चच्या घंटेने दिला. दिवसातून तीनदा वाजणारी आंजेलुसची घंटा, म्हणजे देवदूताने मारियेला दिलेल्या संदेशाचे स्मरण करून देणारी घंटा, ऐकली की शेतातला माणूसही क्षणभर थांबे आणि तिन्हीसांजेच्या घंटेनंतर घराघरांत जपमाळेला आरंभ होई. ज्या प्रदेशात कॅथलिक वस्ती तुरळक, चर्च दूर आणि धर्मगुरूंची फेरी क्वचित, तेथे ही घंटा ऐकूच येत नव्हती. वऱ्हाड हा असा प्रदेश होता, आणि म्हणूनच तेथील नित्यप्रार्थनेच्या साधनांचा इतिहास हा मुख्यतः घंटेची उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांचा इतिहास ठरतो.

या इतिहासात बडनेऱ्याचे स्थान रेल्वेमुळे निश्चित झाले. निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवल्यानंतर येथील कापूस मुंबई बंदरापर्यंत नेण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग टाकण्यात आला आणि १८६७ साली तो नागपूरला पोहोचला. अमरावती शहर या मुख्य मार्गापासून सुमारे दहा किलोमीटर बाजूला राहिल्याने बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा काढावा लागला व जुन्या बाजारगावाचे जंक्शन झाले. त्या काळच्या रेल्वेच्या नोकरवर्गात अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि दक्षिणेकडील कॅथलिकांचा भरणा लक्षणीय होता. कोणी इंग्रजीत, कोणी रोमी लिपीतील कोकणीत, तर कोणी तमिळमध्ये प्रार्थना करणारी ही माणसे बदलीच्या नोकरीत होती आणि पाळीच्या कामात होती. इंजिनावरच्या किंवा सिग्नलवरच्या माणसाचा दिवस वेळापत्रकाने बांधलेला असल्यामुळे रविवारची मिस्सा त्याला मिळेलच याची शाश्वती नव्हती. त्यामुळे ज्याला खिशात ठेवता येईल आणि गाडीबरोबर पुढच्या ठाण्याला नेता येईल, असेच प्रार्थनासाधन त्याच्या उपयोगाचे होते.

धर्मव्यवस्थेच्या दृष्टीनेही वऱ्हाड दीर्घकाळ दूरच्या केंद्राशी जोडलेले राहिले. मध्य भारताचा हा विस्तीर्ण पट्टा आरंभी थेट पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणमच्या मिशनकडे होता. १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश, अस्तित्वात आला, आणि ८ मे १९५५ रोजी त्यातून अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा काढण्यात आला. पहिले बिशप जोसेफ रोझारियो यांनी १९९५ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, हा भार वाहिला. प्रारंभी या धर्मप्रांतात वऱ्हाडाबरोबर मराठवाड्याचाही भाग होता व १९७७ साली औरंगाबादचा धर्मप्रांत निर्माण झाल्यावर तो वेगळा झाला. कारभाराचे केंद्र विशाखापट्टणमहून नागपूरला आणि नागपूरहून अमरावतीला असे जवळ येत गेले, तरी एका धर्मगुरूच्या वाट्याला येणारी गावे आणि त्यांमधले अंतर मोठेच राहिले.

विशाखापट्टणम आणि नागपूर ही दोन्ही मिशने चालवणारे धर्मगुरू फ्रान्सलियन संघाचे होते, हा तपशील येथे विशेष महत्त्वाचा आहे. सव्हॉय प्रांतातील आन्सी येथे पीटर मेरी मेर्मिये यांनी १८३८ साली स्थापन केलेला हा संघ संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) यांना आपला आदर्श मानतो. फ्रान्सिस यांनी आल्प्सच्या पायथ्याच्या शाब्ले भागात काम करताना, प्रवचनाला लोक येत नाहीत हे पाहून, आपले म्हणणे सुट्या पत्रकांवर लिहून ती घरांच्या दारांखालून आत सरकवण्याचा मार्ग अवलंबला होता. पुढे १६०९ साली त्यांनी ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या आशयाचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात भक्ती ही मठातल्या संन्याशांची मक्तेदारी नसून शिपाई, कारागीर आणि गृहिणी यांनाही आपापल्या कामात राहून ती साधता येते, असा सिद्धान्त मांडून सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेची व मननाची पद्धतही घालून दिली. लिखित शब्दाच्या या सेवेमुळेच १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. माणसे चर्चपर्यंत येत नसतील तर प्रार्थनेने त्यांच्या दारापर्यंत जावे, हा विचार वऱ्हाडात येणाऱ्या धर्मगुरूंनी अशा रीतीने आपल्या संघाच्या वारशातूनच आणला होता.

मात्र कागदाचा उपयोग वाचणाऱ्यालाच होतो. औरंगाबादकडील घोगरगाव परिसरात गुरियन जाकिए यांच्यासारख्या फ्रेंच मिशनऱ्यांनी ज्या खेड्यांत काम केले, तेथील बहुसंख्य भाविक निरक्षर होते; अशा ठिकाणी कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारे मास्तर, प्रार्थना पाठ करवून घेत आणि धर्मगुरूच्या गैरहजेरीत लोकांना एकत्र बसवत. पाठांतर आणि जपमाळ यांची जोडी येथे स्वाभाविकच जमली. जपमाळेचा, म्हणजे रोझरीचा, उगमही नेमका अशाच उणिवेतून झालेला आहे. मठवासी स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी त्यांऐवजी तितक्याच प्रार्थना मण्यांवर मोजण्यास सुरुवात केली आणि त्यातून पुढे ‘नमो मारिया’ ही प्रार्थना १५० वेळा म्हणण्याची रीत रूढ झाली. पोप पाचवे पायस यांनी १५६९ साली जपमाळेला निश्चित स्वरूप दिले. रोजच्या वापरातील माळेत ५९ मणी असतात, त्यांपैकी ५३ मारियेच्या प्रार्थनेचे व सहा प्रभूच्या प्रार्थनेचे. प्रत्येक दशकाबरोबर, म्हणजे दहा मण्यांच्या गटाबरोबर, ख्रिस्ताच्या किंवा मारियेच्या जीवनातील एका रहस्याचे, म्हणजे मननीय प्रसंगाचे, चिंतन करावयाचे असते. मण्यांवर नाम मोजणे ही १०८ मण्यांच्या माळेशी परिचित असलेल्या मराठी माणसाला परकी वाटणारी गोष्ट नव्हती आणि ‘जपमाळ’ हा शब्दही त्याच्या घरातलाच होता.

मराठीत कॅथलिक भक्तीचा शब्द छापला जाण्याची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची भाषा मराठी होती, पण देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने लिपी मात्र रोमी ठेवावी लागली. पुराणश्रवणाला सरावलेल्या नवख्रिस्ती समाजाला त्याच्याच ओवीत बायबलची कथा मिळाल्यामुळे ग्रंथाच्या १६४९ व १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढल्यानंतर ही धारा छापखान्यातून आटली; पूर्ण ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत छापले जाण्यास १९५६ साल उजाडले. परिणामी वऱ्हाडातील मिशनला मराठी भक्तिसाहित्याचा समृद्ध पूर्वज लाभला असूनही तो हाताशी नव्हता आणि मराठी प्रार्थनेची घडण बव्हंशी नव्याने करावी लागली.

ही उणीव नियतकालिकाने भरून काढली. अहमदनगर जिल्ह्यात कार्य करणारे जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. पुढे ते पुण्याचे बिशप झाले आणि मासिक टिकून राहिले. या नावामागे एक जागतिक चळवळ आहे. फ्रान्समधील वाल्स येथे १८४४ साली जेझुइट धर्मगुरू गोत्रले यांनी दूरच्या मिशनवर जाण्यास अधीर झालेल्या विद्यार्थ्यांना, आपले रोजचे काम व अभ्यास प्रार्थना म्हणून अर्पण करण्याचा सल्ला दिला. त्यातून ‘प्रार्थनेचे प्रेषितकार्य’ ही संघटना उभी राहिली आणि येशूच्या पवित्र हृदयाचा संदेशवाहक, म्हणजेच निरोप्या, अशा अर्थाच्या नावाची मासिके १८६१ पासून निरनिराळ्या देशांत निघू लागली. पवित्र हृदयाची ही भक्ती ज्या मार्गारेट मेरी या साध्वीमुळे सतराव्या शतकात पसरली, ती फ्रान्सिस द सेल्स यांनीच सहसंस्थापित केलेल्या संघातील होती, त्यामुळे फ्रान्सलियनांचे वऱ्हाड आणि जेझुइटांचे अहमदनगर यांच्या भक्तीचे मूळ अखेर एकाच ठिकाणी जाऊन मिळते. या चळवळीत प्रत्येक महिन्याला एक ‘प्रार्थनाहेतू’, म्हणजे ज्यासाठी सर्वांनी मिळून प्रार्थना करावी असा विषय, दिला जाई, आणि एकाकी कुटुंबाला आपण जगभरच्या समुदायाबरोबर प्रार्थना करत आहोत याची जाणीव त्यातून होई. गोवेकर कुटुंबांसाठी हेच कार्य १९१५ साली कराचीत सुरू झालेल्या ‘दोर म्हयन्याची रोटी’ या रोमी लिपीतील कोकणी मासिकाने केले. तेही पवित्र हृदयाच्या भक्तीला वाहिलेले होते. टपाल रेल्वेने फिरत असे, आणि म्हणून ज्या लोहमार्गाने माणसांना घंटेपासून दूर नेले, त्याच मार्गाने छापील प्रार्थनाही त्यांच्यापर्यंत पोहोचू शकली.

यानंतरचे मोठे वळण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) दिले. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि वेदीवर धर्मगुरू आपले विधी करत असताना भाविक अनेकदा खाली बसून स्वतंत्रपणे जपमाळ ओढत; समुदायाची उपासना आणि व्यक्तीची भक्ती अशा दोन समांतर धारा एकाच छताखाली वाहत असत. डिसेंबर १९६३ मध्ये परिषदेने उपासनेत मातृभाषेला वाव दिला आणि मराठी मिस्सेबरोबर बायबलमधील रोजची वाचनेही कानावर पडू लागली. पूर्वी मुख्यतः धर्मगुरू व मठवासी म्हणत असलेल्या ‘प्रहरांच्या प्रार्थने’त, म्हणजे दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणावयाच्या स्तोत्रांच्या क्रमात, प्रापंचिकांनीही सहभागी व्हावे, असेही परिषदेने सुचवले. नित्यप्रार्थनेला आता पाठ केलेल्या शब्दांबरोबर दररोज बदलणाऱ्या वाचनाची जोड मिळाली. पण रोज बदलणारे वाचन पाठ करता येत नाही, त्यासाठी पुस्तक किंवा दिनदर्शिका लागते, आणि साधनाची गरज येथून वाढतच गेली.

ठरावीक वेळेच्या सामुदायिक प्रार्थनेचे महत्त्व वऱ्हाडाला वेगळ्या वाटेनेही पटलेले होते. अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सकाळचे ध्यान व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव रुजवली. खंजिरीच्या साथीने गावकऱ्यांना एका वेळी, एका ठिकाणी बसवणाऱ्या या प्रथेचा आशय कॅथलिक परंपरेहून भिन्न असला, तरी संध्याकाळच्या प्रार्थनेने विखुरलेली घरे एकत्र बांधली जातात हा अनुभव दोन्हीकडे समान होता.

एकविसाव्या शतकात साधन मोबाइलमध्ये आले. रोजची वाचने आणि प्रहरांची प्रार्थना देणारे ‘युनिव्हर्सालिस’ १९९६ पासून इंटरनेटवर होते, २००८ साली इटलीतील एका धर्मगुरूच्या पुढाकाराने ‘आयब्रेव्हिअरी’ने पूर्ण प्रार्थनाग्रंथ फोनमध्ये बसवला, २०१८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘हॅलो’ने कानांनी ऐकावयाच्या ध्यानप्रार्थनेला प्राधान्य दिले. या सर्वांत वऱ्हाडाच्या इतिहासाशी थेट नाते सांगणारे ॲप ‘क्लिक टू प्रे’ हे आहे, कारण ते १८४४ च्या त्याच प्रार्थना-चळवळीच्या आजच्या रूपाने, म्हणजे पोप यांच्या जागतिक प्रार्थना-जाळ्याने, चालवले आहे. जानेवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रविवारच्या आंजेलुस प्रार्थनेच्या वेळी त्यावर आपले खाते उघडले, त्याच वर्षी क्रूसाची खूण करताच सुरू होणारी दहा मण्यांची इलेक्ट्रॉनिक जपमाळही बाजारात आली, आणि ‘निरोप्या’ महिन्यातून एकदा आणत असलेला प्रार्थनाहेतू आता सकाळ, दुपार व रात्र असा तीनदा फोनवर येऊ लागला. दिवसातून तीनदा स्मरण करून देण्याचे घंटेचे काम अशा प्रकारे खिशात आले.

या साधनांची कसोटी महामारीत लागली. मार्च २०२० च्या देशव्यापी टाळेबंदीत चर्चे बंद झाली. पुढे रुग्णसंख्या पुन्हा वाढल्याने २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावतीत स्वतंत्र टाळेबंदी लागू झाली, तेव्हा प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, सुरू होऊन अवघे पाच दिवस झाले होते. या काळातील शुक्रवारी चौदा स्थानांवर थांबत केली जाणारी ‘क्रूसाची वाट’ ही भक्ती घरातच करणे भाग पडले आणि पडद्यावरची मिस्सा पाहणे हा पर्याय ठरला. धर्मशास्त्राने मात्र येथे स्पष्ट मर्यादा आखलेली आहे : प्रार्थना दुरून करता येते, पण संस्कार, म्हणजे ख्रिस्तप्रसाद किंवा पापनिवेदन, प्रत्यक्ष उपस्थितीशिवाय होत नाही, पडद्यासमोर बसलेल्या भाविकाने मनोमन प्रसाद ग्रहण करण्याची इच्छा व्यक्त करावी, एवढेच शक्य असते. साधन घंटेची जागा घेऊ शकते, वेदीची नव्हे, हा भेद फिरतीच्या रेल्वे कामगारांच्या काळापासून वऱ्हाडाला ठाऊक होता. टाळेबंदीने तो सर्वांपुढे आणला.

चार शतकांच्या या वाटचालीत एक विसंगती कायम राहिलेली दिसते. १६१६ साली मराठी भक्तीचा शब्द तयार होता, पण तो छापण्यासाठी मराठीची लिपी उपलब्ध नव्हती. २०१९ साली ‘क्लिक टू प्रे’ सहा भाषांत उपलब्ध होते आणि त्या सर्व युरोपीय होत्या. म्हणजे ज्या फोनवर ते उघडले जात होते, त्यात देवनागरी लिपी होती, पण ॲपमध्ये मराठी शब्द नव्हता. जपमाळेच्या ५९ मण्यांना भाषेची ही अट कधीच नव्हती; बडनेऱ्याच्या फलाटावरून फिरतीला निघालेल्या माणसाने जी प्रार्थना आईकडून पाठ केली असेल, तीच त्या मण्यांवर उमटे. खिशातल्या नव्या साधनाला ती जागा घ्यावयाची असेल, तर डोरिंग यांनी १९०३ साली जे केले, तेच पुन्हा करावे लागेल : निरोप जगाचा असला तरी तो मराठीत आणणारा निरोप्या लागेल.