विथ (इंग्रजी शब्दयोगी अव्यय)

विथ हे इंग्रजी भाषेत सतत वापरले जाणारे शब्दयोगी अव्यय आहे. मराठी शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, विथ मात्र नामाच्या आधी येते. आज त्याचा मुख्य अर्थ 'सह' किंवा 'बरोबर' असा आहे. जुन्या इंग्रजीत (सुमारे इ.स. ४५० ते ११५०) तो जवळजवळ उलट, म्हणजे 'विरुद्ध' असा होता.

व्युत्पत्ती

'विरुद्ध' या अर्थाचा जर्मन शब्द 'वीडर' हा विथच्या कुळातला आहे. त्यांचे मूळ 'दूर, वेगळे' या अर्थाच्या ज्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेले जाते, त्याच्याशीच संस्कृतमधील 'वि' या उपसर्गाचे नाते सांगितले जाते. म्हणजे 'वियोग' शब्दातील 'वि' आणि सहवास दाखवणारे विथ हे दूरचे नातलग ठरतात. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या इतिवृत्तात अमुक राजा तमुक सैन्याविरुद्ध लढला अशा नोंदी हाच शब्द वापरून केलेल्या आढळतात.

सोबतीचा अर्थ त्या काळी 'मिड' या वेगळ्या शब्दाकडे होता. जर्मनमधील 'मिट' त्याचाच भाऊबंद. मध्ययुगीन इंग्रजीत विथने मिडची जागा हळूहळू बळकावली. लढाईत समोरच्याशी गाठ पडते, व्यवहारात आणि बोलण्यातही पडते. 'समोर' पासून 'सोबत' पर्यंतचा हा प्रवास म्हणूनच फारसा अस्वाभाविक नाही. इंग्लंडमध्ये वसलेल्या व्हायकिंगांच्या भाषेत विथच्या जोडशब्दाला दोन्ही अर्थ होते, त्याचाही हातभार लागला असावा असे मानले जाते. स्वतंत्र अव्यय म्हणून मिड लोपले, पण 'मिडवाइफ' (सुईण) या शब्दात ते टिकून आहे. तेथे 'वाइफ' म्हणजे पत्नी नव्हे, तर नुसती स्त्री. बाळंतिणीसोबत असणारी ती मिडवाइफ.

जुन्या अर्थाचे अवशेष

'विथस्टँड' (विरोधात टिकून राहणे), 'विथहोल्ड' (रोखून धरणे) आणि 'विथड्रॉ' (मागे घेणे) या क्रियापदांत विरोधाचा किंवा दूर सारण्याचा अर्थ शिल्लक आहे. 'विदाउट' म्हणजे आज 'शिवाय'. पूर्वी त्याचा अर्थ 'बाहेर' असा होता. लंडन शहरातील 'फॅरिंग्डन विदिन' आणि 'फॅरिंग्डन विदाउट' हे प्रभाग जुन्या तटबंदीच्या अनुक्रमे आतले आणि बाहेरचे आहेत.

अर्थ आणि संदिग्धता

सोबतीखेरीज विथ साधन (चाकूने कापणे), कारण (भीतीने थरथरणे) आणि जवळ असणे (दाढीवाला माणूस) हेही अर्थ दाखवते. मराठीत यांसाठी 'ने', 'शी', 'सह', 'वाला', 'असलेला' अशी वेगवेगळी रूपे लागतात. इंग्रजीत एकाच शब्दावर हा भार पडल्याने घोटाळे होतात. 'आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप' हे त्याचे भाषाशास्त्रात नेहमी दिले जाणारे उदाहरण. दुर्बिणीने माणूस पाहिला, की दुर्बीण असलेला माणूस पाहिला, हे वाक्यावरून कळत नाही.

इतिहासाच्या पुस्तकांचे भाषांतर करताना हा प्रश्न अधिक गंभीर होतो. ब्रिटिश 'फॉट विथ द फ्रेंच' असे लिहिलेले असेल, तर १८१५ च्या वॉटर्लूसंदर्भात त्याचा अर्थ 'फ्रेंचांशी लढले' असा होईल आणि पहिल्या महायुद्धासंदर्भात 'फ्रेंचांच्या साथीने लढले' असा. मराठीत 'फ्रेंचांशी लढले' म्हटले की फ्रेंच हे शत्रूच; त्यामुळे संदर्भ न पाहता 'शी' लावल्यास मित्रराष्ट्र शत्रू होऊन बसते. काटेकोर इंग्रजी लेखक अशा ठिकाणी 'अगेन्स्ट' किंवा 'अलाँगसाइड' वापरतात.

याच 'शी' मुळे मराठी विद्यार्थी 'तिच्याशी लग्न केले' याचे 'मॅरिड विथ हर' असे भाषांतर करतात. प्रमाण इंग्रजीत ते 'मॅरिड हर' असे, विथशिवाय होते.

उच्चार

शब्दातील शेवटचा ध्वनी मराठीत नाही. जीभ दातांना हलकेच लावून हवा घासत बाहेर सोडल्याने तो निघतो. मराठी 'थ' प्रमाणे हवा पूर्ण अडत नाही. इंग्लंडमध्ये तो बहुधा घोष, तर स्कॉटलंडमध्ये आणि अनेक अमेरिकी भाषकांत अघोष असतो.