खुराड्यातली दांडी : तिचा इतिहास आणि आपला फायदा



परसातल्या कोंबड्यांविषयी शेतकऱ्यांचे जे प्रश्न येतात, त्यांतले पुष्कळसे एकाच धर्तीचे असतात. अंडी कमी झाली, तुरा फिका पडला, कोंबडी पेंगते, सकाळी खुराडे उघडले तर एक मरून पडलेली. मग विचारणा होते, ‘साहेब, औषध कोणतं द्यावं?’ यावर आमचा पहिला उलट प्रश्न असा असतो, की तुमच्या कोंबड्या रात्री कशावर बसतात? ती जागा शेवटची कधी साफ केली होती?

दांडी ही बाब फार क्षुल्लक वाटते. एक काठी आडवी बांधली की झाले! पण या काठीलाही इतिहास आहे, आणि तो तब्बल दोन हजार वर्षे लिहून ठेवलेला आहे. तो वाचला म्हणजे आपल्या खुराड्यात काय चुकते ते औषधाच्या बाटलीपेक्षा लवकर कळते.

रानातली फांदी

आपल्या घरच्या कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत दिसतो तो करडा रानकोंबडा. तोही या घराण्यातलाच. कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. थायलंडमधील बान नॉन वाट या ठिकाणी पाळीव कोंबड्यांची सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडे सापडली आहेत. भाताची शेती सुरू झाली, दाण्यांच्या लोभाने रानकोंबड्या खळ्याजवळ आल्या आणि हळूहळू माणसाळल्या, असे मत २०२२ साली शास्त्रज्ञांनी मांडले. म्हणजे कोंबडीचे आणि शेतकऱ्याचे नाते दाण्यापासून जुळलेले आहे.

रानकोंबडी दिवसभर जमिनीवर उकरते, पण दिवेलागणीला झाडावर नाहीतर बांबूच्या बेटात उंच जाऊन बसते. खाली कोल्हा, रानमांजर, साप. वर निर्धास्त झोप. ही खोड आपल्या गावरान कोंबडीत आजही तशीच आहे. खुराडे नसेल तर ती आंब्यावर, गोठ्याच्या आढ्यावर नाहीतर बैलगाडीच्या साटीवर जाऊन बसते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. रानात विष्ठा खाली जमिनीवर पडते. पाऊस, ऊन, किडे-मुंग्या तिची विल्हेवाट लावतात. शिवाय फांदी बदलायला सारे रान मोकळे असते. आपण काय केले? फांदी तोडून चार भिंतींच्या आत आणली. फांदी आली, पण पाऊस आला नाही, ऊन आले नाही. खाली पडलेली विष्ठा तिथेच राहिली. दांडीचा सारा इतिहास म्हणजे या एका अडचणीवर माणसाने काढलेल्या तोडग्यांचा इतिहास आहे.

रोमन शेतकऱ्यांचे शहाणपण

इटलीतील रोमन लोक शेतीत मोठे हुशार. इ. स. पूर्व ३७ साली वॅरो नावाच्या विद्वानाने शेतीवर ग्रंथ लिहिला. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. बायकोने शेत विकत घेतले होते, तिला उपयोग व्हावा म्हणून त्याने लिहायला घेतले. त्यात तो दोनशे कोंबड्यांसाठी पूर्वेकडे तोंड असलेल्या दोन जोडखोल्या बांधायला सांगतो. सगळ्या कोंबड्या मावतील इतक्या दांड्या आडव्या घालाव्यात, असे बजावतो. अंडी घालायच्या जागेतला पेंढा काढून वरचेवर नवा घालावा, नाहीतर पिसवा होतात आणि कोंबडीला स्वस्थ बसू देत नाहीत, हेही तो नोंदवतो.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, कोलुमेला हा दुसरा लेखक झाला. त्याने शेतीवर बारा पुस्तके लिहिली. आठव्या पुस्तकात कोंबड्यांचा विषय आहे. त्याचे म्हणणे असे, की कोंबडीला रात्री जमिनीवर बसू देऊ नये. विष्ठा पायाला चिकटून राहिली की पायाचे दुखणे जडते. त्याने त्याला संधिवाताचे नाव दिले होते. ओल्या घाणीत उभ्या राहणाऱ्या कोंबडीचे तळवे सुजतात आणि त्यांत पू होतो, हे आज आपणही पाहतो.

त्याचा उपाय ऐका. दांडी गोल ठेवू नये, चौकोनी तासावी, कारण गुळगुळीत गोल दांडीवर उडी मारून बसताना पक्ष्याचा पाय ठरत नाही. जमिनीपासून एक फूट उंच आणि दोन दांड्यांत दोन फूट अंतर असावे. इतके बारकावे त्याने दिले आहेत. एकच गोष्ट आजच्या अनुभवाला धरून नाही. दांडीची टोके भिंतीला भोके पाडून त्यांत घालावीत, असे तो सांगतो. ही भिंतीतली भोके पुढे कशी वैरी ठरली ते आता पाहू.

दांडीखालची फळी

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्या पाळण्याचे मोठे वेड आले. चीनमधून धिप्पाड जातीच्या कोंबड्या आल्या, प्रदर्शने भरू लागली. अमेरिकेत बोस्टन शहरात १८४९ साली असे पहिले मोठे प्रदर्शन झाले. पक्षी महाग झाले, तशी त्यांची काळजीही वाढली. इंग्लंडातील लुईस राइट याचे कुक्कुटपालनाचे हातपुस्तक १८६७ साली निघाले आणि घरोघरी गेले. दांडीच्या खाली एक रुंद फळी बसवावी, रात्रीची विष्ठा फळीवर पडावी आणि सकाळी खरवडून काढावी, ही युक्ती या काळात रूढ झाली.

रानातल्या फांदीवरचा हा पहिला खरा तोडगा. विष्ठा जमिनीत मिसळत नाही, कोंबडीच्या पायाला लागत नाही, कोरडी राहते आणि खत म्हणून सगळी हाती येते. शिवाय फळीखालची जागा अंडी घालायला मोकळी.

रात्रीचे चोर

तरीही कोंबड्या खंगतच होत्या. फळी साफ, दाणा भरपूर, तरी तुरा पांढरा. चोर दुसरीकडे होता.

पिकावर येणारा लाल कोळी तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्याच जातकुळीतला एक कोळी कोंबडीचे रक्त पितो. तो एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. उपाशी असताना करडा, रक्त प्यायला की लाल. दुसरा चोर म्हणजे कोंबडीची गोचीड. दोघांची रीत एकच. दिवसा कोंबडीच्या अंगावर फारसे सापडत नाहीत. दांडीच्या भेगेत, सालीखाली, खिळ्याच्या भोकात, भिंतीच्या फटीत लपतात आणि रात्री कोंबडी बसली की बाहेर निघतात. म्हणून दिवसा कोंबडी पाहून ‘अंगावर काहीच नाही’ असे म्हणणारा फसतो.

गोचीड नुसते रक्त पिऊन थांबत नाही. १९०१ साली फ्रान्समधील पाश्चर संस्थेने पीतज्वराच्या अभ्यासासाठी काही डॉक्टर ब्राझीलमधील रिओ दि जानिरो शहरी पाठवले. त्यांतल्या मार्शू आणि सालिंबेनी या दोघांनी तिथल्या कोंबड्यांचा एक जीवघेणा ताप तपासला. रक्तात मळसूत्रासारखे पीळदार जंतू दिसले. हे जंतू गोचिडीमार्फत एका कोंबडीतून दुसरीत जातात, हे त्यांनी १९०३ साली दाखवून दिले. या रोगाला स्पायरोकीटोसिस म्हणतात आणि तो आपल्याकडेही आहे. ताप, पेंगणे, हिरवी पातळ विष्ठा, पाय लुळे पडणे ही त्याची लक्षणे. गोचीड वर्षभरही उपाशी जगू शकते. त्यामुळे आजारी कोंबड्या विकल्या, खुराडे चार महिने रिकामे ठेवले आणि नव्या आणल्या, तरी चोर घरातच बसलेला असतो.

सुटी दांडी

हे कळल्यावर दांडीचे रूप पालटले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या शेती खात्याने शेतकऱ्यांसाठी पत्रके काढली. आपल्या हातात आहे तसलीच. त्यांत सांगितले होते, की दांडी भिंतीत गाडू नका, खिळ्यांनी ठोकू नका. खाचेत नुसती ठेवा, म्हणजे हवी तेव्हा उचलून बाहेर नेता येईल. दांडीच्या वरच्या कडा गोलसर करा. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर ठेवा. शिडीसारख्या चढत्या ठेवल्या तर वरच्या जागेसाठी भांडणे होतात आणि वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर पडते. काही जण दांडीच्या आधाराखाली तेलाच्या वाट्या ठेवीत. आपल्या आया-आज्या मुंग्या चढू नयेत म्हणून दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत, तीच ही युक्ती.

पुढे पिंजऱ्यांचा काळ आला. तारेच्या पिंजऱ्यात विष्ठा आपोआप खाली पडते, मग दांडीच कशाला, असे वाटले आणि मोठ्या व्यवसायातून दांडी गेली. पण कोंबडीची उंच बसायची ओढ गेली नाही. युरोपातील देशांनी १९९९ साली नियम केला आणि २०१२ पासून जुन्या पद्धतीचे उघडे पिंजरे तिथे बंद झाले. त्या नियमात दर कोंबडीला १५ सेंटीमीटर दांडी दिलीच पाहिजे असे लिहिले आहे. रानातली फांदी अशी कायद्याने परत आली.

आपल्या खुराड्यासाठी

इतिहास सांगायचा तो कामासाठी. दहा कोंबड्यांसाठी या साऱ्या अनुभवाचे सार असे :

१. लाकडी रीप घ्या, सुमारे दोन इंच रुंद. साल काढून वरच्या कडा गुळगुळीत करा. बांबू वापरलाच तर भरीव घ्या. पोकळ असेल तर टोके चिखलाने नव्हे, सिमेंटने बुजवा. चिखलाला भेगा पडतात आणि गोचिडीला घर मिळते.

२. दर कोंबडीला वीतभर जागा धरा. पाच-पाच विती लांबीच्या दोन दांड्या दहा कोंबड्यांना पुरतात. मागच्या भिंतीपासून एक वीत आणि दोन दांड्यांत दीड वीत अंतर ठेवा. दोन्ही एकाच उंचीवर, जमिनीपासून एक ते दीड हात.

३. सुताराच्या घोड्यासारखी चार पायांची घोडी करा आणि तिच्या खाचांत दांड्या नुसत्या ठेवा. खिळा नको, दोरी नको. घोडी भिंतीला टेकू देऊ नका. पायांना खालच्या बाजूला जळक्या तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळा. कोंबडी तिला चोच मारणार नाही अशी ती वरून झाका.

४. दांड्यांच्या खाली वीतभर अंतरावर जुना पत्रा सरकवा. पत्रा खुराड्याच्या मागच्या बाजूने बाहेर ओढता यावा, तेवढी झडप ठेवा. त्यावर रोज चुलीतली थंड राख मूठ-दोन मूठ पसरा. विष्ठा चिकटत नाही, वास येत नाही.

५. पत्रा एक दिवसाआड खरवडा. आठवड्यातून एकदा दांड्या आणि घोडी बाहेर काढा, फटींवर उकळते पाणी ओता आणि दिवसभर कडक उन्हात ठेवा. आठवडाच का? उन्हाळ्यात कोळ्याची अंड्यापासून अंड्यापर्यंतची पिढी साधारण एका आठवड्यात पुरी होते. आठ दिवसांचा नेम मोडला की त्याची संख्या आपल्या पुढे जाते.

६. शंका असेल तर रात्री बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू पाहा, किंवा पांढरे फडके फिरवा. फडक्यावर तांबडे ठिपके उमटले तर चोर आहेत असे समजा.

पिकावरचे औषध खुराड्यात मारू नका. ते अंड्यात उतरते आणि अंडे आपल्याच लेकरांच्या ताटात येते. औषध लागलेच तर पशुवैद्यकाला विचारूनच वापरा. दांडी कितीही स्वच्छ असली तरी मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस चुकवू नका. त्या रोगाला साफसफाई पुरी पडत नाही.

पत्र्यावरची विष्ठा वाया घालवू नका. शेणखतापेक्षा तिच्यात नत्र बरेच जास्त असते. ताजी मात्र पिकाच्या बुडाशी टाकू नका, मुळे जळतात. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजू द्या, मग परसातल्या वांगी-मिरचीला घाला.

शेवटी एक सांगणे. गावोगाव खुराड्याचे काम घरातल्या बाईकडे असते. अंड्यांचे दोन पैसेही तिच्याच हाती येतात. पोरांची वही-पेन्सिल, घरचे तेल-मीठ त्यातून निघते. दांडी भिंतीत गाडलेली असेल, आत वाकून शिरावे लागत असेल, तर दिवसभर रानात राबून आलेली ती बाई साफसफाई उद्यावर टाकणारच. यात तिचा आळस नाही, दोष बांधणीचा आहे. जी दांडी एका हाताने उचलता येते तीच साफ होते. एवढे एक काम घरच्या पुरुषमाणसाने येत्या बाजाराच्या सुटीला करून द्यावे. एक रीप, एक जुना पत्रा आणि अर्ध्या दिवसाची मेहनत, यापलीकडे खर्च नाही.

अधिक माहितीसाठी आणि लसीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.