मुखवट्याआडचा चेहरा

लोकप्रिय कलाकृतीविषयीं आम्हां प्राध्यापकांच्या मनांत एक अढी असते. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेविषयीं माझ्याही मनांत ती होती. जॉर्ज ल्यूकस यांचा १९७७ सालचा पहिला चित्रपट मीं विद्यार्थिदशेंत पाहिला आणि ‘पोरखेळ’ असा शेरा मारून मोकळा झालों.

तो शेरा अगदींच निराधार नव्हता. त्या अफाट विश्वांत माणसांचे चेहरे बहुतेक गोरे, आणि प्रमुख पात्रांत स्त्री एकच, लेया. डार्थ व्हेडर या खलपुरुषाचा धीरगंभीर आवाज जेम्स अर्ल जोन्स या कृष्णवर्णी नटाचा. पण पडद्यावरील देह दुसऱ्याचा, आणि श्रेयनामावलींत जोन्स यांचें नांव नाहीं. ती त्यांचीच इच्छा होती, हें खरें. तरी आवाज ऐकूं यावा आणि माणूस दिसूं नये, हें त्या चित्रपटाचें लक्षणच म्हणावें लागेल. १९८० सालीं बिली डी विल्यम्स यांच्या लँडोनें हें दार किंचित् किलकिलें केलें.

विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव मीं २०१५ सालचा ‘द फोर्स अवेकन्स’ पाहिला आणि माझें मत पालटलें. त्यांत डेझी रिडली यांची रे ही नायिका आहे. परंतु मला अधिक मोलाचा वाटला तो जॉन बोयेगा यांचा फिन. पहिल्या चित्रपटांतले पांढऱ्या चिलखतांतले शिपाई केवळ मारण्यासाठीं व मरण्यासाठींच होते. येथें त्यांतलाच एक, ज्याला नांव नाहीं, नुसता क्रमांक आहे, गांवकऱ्यांवर शस्त्र चालविण्याचें नाकारतो. तो शिरस्त्राण काढतो तेव्हां एका कृष्णवर्णी तरुणाचा भेदरलेला चेहरा दिसतो. नव्या माणसाला आंत घेतल्यानें जुन्या कथेलाच नवी नीतिदृष्टि लाभली!

पुढील इतिहास मात्र इतका सुखद नाहीं. २०१७ सालीं व्हिएतनामी वंशाच्या केली मेरी ट्रॅन यांची रोज आली. कांहीं प्रेक्षकांनीं त्यांना इतकें छळलें कीं, २०१८ सालीं त्यांनीं आपल्या इन्स्टाग्राम-खात्यावरील मजकूर काढून टाकला. २०१९ च्या चित्रपटांत रोजची भूमिका अगदींच आखूड झाली. जाहिरातींत पुढें करावयाचें आणि कथेंत बाजूस सारावयाचें, अशी तक्रार बोयेगा यांनींही २०२० सालीं उघडपणें केली.

ती रास्त आहे. पाट मांडणें निराळें, पानांत वाढणें निराळें. आपल्याकडे यालाच पंक्तिप्रपंच म्हणतात. तथापि माझा जुना शेरा मीं मागें घेतला आहे. त्या पांढऱ्या रांगेकडे पाहतांना आंत कोण असेल, हा विचार आतां मनांत आल्यावांचून राहत नाहीं.