कल्याणचा बिशप

ख्रिस्ती धर्म हा गोऱ्या साहेबाचा धर्म. तो वास्को-द-गामाच्या मागोमाग आला आणि इंग्रजांच्या छत्राखाली वाढला, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे की तिच्यासाठी कोणी पुरावा मागत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने तरी तो मागितला पाहिजे.

इ. स. ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक ग्रंथ लिहिला. ग्रंथ मोठा गमतीचा. पृथ्वी सपाट आहे आणि विश्व पेटीसारखे आहे, हे सिद्ध करण्यात त्याने पानेच्या पाने खर्ची घातली. पण बंदरांची त्याची माहिती अशी हसण्यावारी नेता येत नाही. मिरी पिकणाऱ्या मले देशात ख्रिस्ती लोक आहेत आणि कल्याणास इराणातून नेमलेला बिशप असतो, असे तो सांगतो. हे कल्याण म्हणजे खाडीकाठचे आपलेच कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. श्रोत्यांनी लक्षात घ्यावे, की बिशप इराणचा होता, रोमचा नव्हे. इंग्लंडातले अँग्लो-सॅक्सन लोक त्या वेळी आपल्या जुन्या देवांनाच भजत होते. रोमहून निघालेला ऑगस्टीन त्यांच्याकडे पोचला तो ५९७ साली!

या पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांची धर्मभाषा सुरियानी. येशू जी अरामी बोलला तिचीच ही एक बोली. लॅटिनशी त्यांचा संबंध नव्हता. केरळात संत थॉमस इ. स. ५२ मध्ये उतरला, ही त्यांची श्रद्धा. तिला समकालीन लेखाचा आधार नाही. पण ८४९ सालचे कोल्लमचे ताम्रपट हा भक्कम पुरावा आहे. वेणाडच्या अधिपतीने तेथील चर्चला जमीन व हक्क दिले, आणि त्यावर पहलवी, अरबी व यहुद्यांच्या फारसी भाषेत साक्षीदारांच्या सह्या आहेत. हिंदू अधिपती, ख्रिस्ती चर्च, मुसलमान आणि यहुदी साक्षीदार! पुढे १३२१ साली ठाण्यास आलेल्या फ्रान्सिस्कन साधूंना आसरा दिला तोही अशाच पूर्वेकडील ख्रिस्ती कुटुंबाने.

मग पोर्तुगीज आले. आपल्याआधीच येथे ख्रिस्ती आहेत याचा त्यांचा आनंद फार टिकला नाही, कारण हे ख्रिस्ती पोपला ओळखत नव्हते. १५९९ च्या जूनमध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने उदयंपेरूरला धर्मसभा भरवून त्यांच्या सुरियानी पोथ्या सुधारण्याचा, नाहीतर जाळण्याचा हुकूम काढला. देवळे फोडणाऱ्या पोर्तुगीजांची हकीकत आपण ऐकून आहोत. ख्रिस्ती पोथ्यांच्या होळीची फारशी कोणी सांगत नाही.

अर्धशतकाने ती धुमस बाहेर पडली. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीस हजारो लोक जमले. सर्वांचे हात क्रुसाला लागेनात, म्हणून त्याला दोर बांधून तो धरला, अशी आठवण सांगतात. आणि जेझुइटांची सत्ता मानणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. काही वर्षांत पुष्कळजण रोमकडे परतले. उरलेल्यांनी १६६५ साली पश्चिम आशियातून आलेल्या मार ग्रेगोरिओस या सिरियन बिशपाचा स्वीकार केला. उपासना आता बहुतांशी मलयाळीत चालते, पण दोन्ही शाखांत सुरियानी स्तोत्रे अजून कानी पडतात.