उकिडवं बसता येतंय का?

गणपतीला गावी गेलो तेव्हा बाबांसाठी एक पँट घेऊन गेलो होतो. आजकाल सगळीकडे मिळते तसली: नायलॉनची, हलकी, थोडी ताणली जाणारी, ट्रेकिंगवाले घालतात ती. ऑक्टोबरात आम्ही दोघं तुंगनाथला जाणार होतो. बाबा ६३ वर्षांचे, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि सगळं आयुष्य मालवणात लुंगीवर काढलेलं. पँट फक्त बँकेत, लग्नात आणि मतदानाला.

त्यांनी ती पँट दोन्ही हातांनी ताणून बघितली, सोडली, परत ताणली. मग विचारलं, "रे झिला, ही घालून माका उकिडवा बसाक येतला?"

मी हसलो. पण परतीच्या बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. पुण्याला आल्यावर शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडला तो रविवारी रात्री मिटला. (त्या दिवशी कपडे धुवायचे राहिले. पँटचा इतिहास वाचताना स्वतःच्या पँटी तशाच पडून!) तर मंडळी, हा लेख म्हणजे बाबांच्या एका प्रश्नाचं दीड हजार शब्दांतलं उत्तर आहे.

आधी माझी भीती सांगतो, म्हणजे मी एवढा का झपाटलो ते कळेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी मित्रांबरोबर हिमाचलात ट्रेकला गेलो होतो. अंगात जीन्स. दुपारी गारांचा पाऊस आला आणि जीन्स भिजून किलोकिलोने जड झाली. तासाभरात मांड्या बधिर, दोन तासांनी दात वाजायचे थांबले. ते थांबणं चांगलं लक्षण नसतं, हे मला नंतर कळलं. गाईडने स्वतःची जुनी लोकरीची विजार घालायला दिली म्हणून निभावलं. सुती कापड पाणी धरून ठेवतं, आणि पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बाबा ६३. आणि मालवण समुद्रसपाटीला तर तुंगनाथ ३,६८० मीटरवर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर नुसत्या उंचीनेच २४ अंशांचा फरक. वारा वेगळाच.

तर प्रश्न असा की मुळात पँट ही वस्तू जगात आली कशाला?

पश्चिम चीनमध्ये तुर्फानजवळ यांगहाय नावाचं प्राचीन दफनस्थान आहे. तिथे एका माणसाच्या अंगावर लोकरीची विजार सापडली, साधारण तीन हजार वर्षं जुनी. आजवर सापडलेल्या सगळ्यात जुन्या विजारींपैकी ही एक. त्याच्याबरोबर घोड्याचा लगाम आणि कुऱ्हाडही पुरलेली होती, म्हणजे गडी घोडेस्वार. २०१४ साली संशोधकांनी त्या विजारी जगासमोर आणल्या आणि २०२२ मध्ये त्यांच्या विणकामाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासारख्या इंजिनिअर माणसाने तो वाचून टोपी काढावी. दोन पाय वेगळे विणलेले आणि मध्ये पायऱ्यापायऱ्यांचा एक रुंद तुकडा वेगळा जोडलेला, म्हणजे घोड्यावर मांड टाकताना शिवण ताणत नाही. मुख्य विणकाम तिरप्या रेषांचं, म्हणजे ट्विल, कारण ते साध्या विणीपेक्षा जास्त देतं. आणि गुडघ्याला वेगळी, जाड, टिकाऊ वीण. बाबांसाठी आणलेल्या पँटच्या लेबलावर जी तीन वैशिष्ट्यं मोठ्या अक्षरांत छापली होती, ती तिन्ही तीन हजार वर्षांपूर्वी तयार होती! आपण ज्याला नवीन व्हर्जन म्हणतो तो बऱ्याचदा जुन्या कोडचा रीमेक असतो, हे इथेही लागू.

म्हणजे विजारीची दोन कारणं: घोडा आणि थंडी. मध्य आशियातून आलेले लोक ती घेऊन भारतात आले. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा डोकं तुटलेला पुतळा आहे, त्याच्या अंगात लांब अंगरखा आणि पायात जाडजूड बूट. उत्तर प्रदेशच्या उन्हात उभा असलेला थंड प्रदेशातला माणूस. पुढे फारसी-अरबी बोलणाऱ्यांबरोबर शब्दही आले: सुरवार, तुमान, पायजमा, विजार. गंमत म्हणजे 'विजार' ज्या 'इजार'वरून आला, त्याचा अरबीतला मूळ अर्थ कमरेला गुंडाळायचं न शिवलेलं वस्त्र. म्हणजे जवळजवळ लुंगीच. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले.

आता मालवण बघा. घोडा नाही, थंडीही नाही. आहे ती होडी, वाळू, चिखल आणि घाम. माझे आजोबा रापणीला जायचे. (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडीने जाळं टाकत गोल फिरायचं आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं.) कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ओढताना त्यांच्या अंगावर फक्त कास्टी असे. घरी आले की पंचा. आजी तरवा लावताना नऊवारीचा काष्टा मारायची आणि चिखलात तासन् तास ओणवी राहायची. बाबांची उकिडवं बसण्याची परीक्षा या सगळ्या वस्त्रांनी शंभरापैकी शंभर गुण मिळवून पास केली असती. कारण त्यांना शिवणच नाही. जिथे शिवण नाही तिथे उसवायचा प्रश्नच येत नाही.

१६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. शिवाजी महाराजांच्या सतराव्या शतकातल्या चित्रांत पायघोळ जामा आणि खाली चुस्त विजार दिसते. घोड्यावरच्या माणसाचा वेष. त्याच राजाने आरमारासाठी किल्ला बांधायला निवडली ती होडीवरच्या माणसांची जागा. घाटावर घोडा म्हणून विजार, किनाऱ्यावर होडी म्हणून कास्टी. दोन्ही वेष आपापल्या जागी बरोबरच होते. कोणी पुढारलेला आणि कोणी मागासलेला असा त्यात प्रकार नाही.

पण ती चुस्त विजार गुडघ्यात वाकायची कशी? तेव्हा कुठे लायक्रा होता? इथे आपल्या शिंप्यांची करामत आहे. कापडाला उभे धागे असतात आणि आडवे. त्या दोन्ही दिशांना ओढलं तर सुती कापड जवळजवळ देत नाही. पण तिरकं ओढा, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, की लगेच ताणतं. घरातला रुमाल घेऊन आत्ताच करून बघा. चुडीदार कापतात तो असा तिरका, म्हणजे उरेब. म्हणून तो पोटरीला चिकटूनही बसता येतं. शिवाय दोन पायांच्या मध्ये एक वेगळा तुकडा जोडतात, उत्तरेकडचे शिंपी त्याला मियानी म्हणतात. यांगहायच्या स्वाराला सुचलेली तीच युक्ती. किंमत एकच: उरेब कापताना कापड जास्त लागतं.

जोधपूरच्या लोकांनी तिसरा मार्ग काढला. पोटरीला घट्ट, पण मांडीला फुग्यासारखी सैल. सर प्रताप सिंह १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाला इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या घोडेस्वारांना ती आवडली आणि 'जोधपूर्स' हा शब्द इंग्रजीत जाऊन बसला. तो फुगा शोभेसाठी नव्हता, कापड ताणत नव्हतं म्हणून होता. पुढे ताणणारं कापड आलं आणि घोडेस्वारांच्या विजारीतला तो फुगा गेला.

मग कोकणात पँट आली कशी? माझ्या मते खुर्चीबरोबर. शाळा, कचेरी, कोर्ट, मुंबईची नोकरी. या पँटला आपल्याकडे 'पाटलोण' म्हणत, इंग्रजी पँटलूनवरून. ती सरळ कापलेली, मियानी नाही, उरेब नाही. खुर्चीवर बसणाऱ्यासाठी ते पुरेसं होतं. पण आपण बसायचो पाटावर, ओट्यावर, जमिनीवर. म्हणून घरात शिरल्यावर पहिलं काम पँट काढून खुंटीला लावायचं.

आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला गिरणीत साचेवाले होते. कोकणातली हजारो माणसं गेली तसेच तेही गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेचसे परत कधीच आत गेले नाहीत. हेही गावी परतले. त्यांच्याकडे एक तपकिरी टेरीकॉटची पँट होती, कडक इस्त्रीची. मला आठवते ती खुंटीवरच. तालुक्याला जाताना घालायचे, परत आले की पंचा. आयुष्यभर मैलोनमैल कापड विणलेला माणूस घरी दीड हात रुंदीच्या पंचात सुखी होता. लहानपणी मला ते गरिबीचं लक्षण वाटायचं आणि शाळेत कोणाला सांगायची लाज वाटायची. आता वाटतं, त्यांना कापडातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

असो. टेरीकॉटने इस्त्री टिकवली पण वाकायचं सुख काही दिलं नाही. ते आलं दुसरीकडून. म्युनिकच्या बोगनर कंपनीने १९५२ च्या सुमारास स्कीइंगसाठी ताणणाऱ्या पँटी काढल्या. त्यात लोकरीबरोबर हेलांका, म्हणजे स्प्रिंगसारखं कुरळं केलेलं नायलॉन होतं. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँटच्या जोसेफ शिव्हर्सने स्पॅन्डेक्सचा धागा तयार केला. बायकांच्या घट्ट अंतर्वस्त्रांतलं रबर बदलावं हा मूळ उद्देश. लायक्रा हे त्याचंच व्यापारी नाव. ('एक्सपॅण्ड्स' या शब्दाची अक्षरं उलटसुलट केली की 'स्पॅन्डेक्स'. नाव ठेवणारा आमच्यासारखाच कोणीतरी असणार.) या धाग्याच्या रेणूत मऊ, वेटोळी घातलेले भाग असतात आणि मध्ये मध्ये ताठ भाग. ओढलं की वेटोळी उलगडतात, सोडलं की ताठ भाग त्यांना परत जागेवर आणतात. पँटमध्ये तो फार थोडा लागतो, शंभरात दोन ते दहाच्या दरम्यान.

आणि मियानी? १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माइक ग्रॅहम नावाच्या गिर्यारोहकाने 'ग्रामिची' नावाने चढाईच्या पँटी शिवायला घेतल्या, त्यांची ओळखच मुळी दोन पायांमधला तो जोडतुकडा. गिरणगाव संपावर होतं त्याच वर्षी.

आता कामाचं बोलू, कारण तुमच्यातले निम्मे जण इथपर्यंत 'मग घेऊ कुठली' यासाठी आले असणार.

लेबल वाचा. रोजच्या वापराला सुती कापडात दोन-तीन टक्के स्पॅन्डेक्स छान. पण डोंगर, पाऊस, थंडी असेल तर नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये थोडं स्पॅन्डेक्स बघा, ते लवकर वाळतं. कोकणातल्या पावसातही तेच कामाला येतं. पँट उलटी करून मध्ये जोडतुकडा आहे का बघा. तो नसेल तर सगळा भार एकट्या स्पॅन्डेक्सवर येतो आणि धागा थकला की पँट गुडघ्यात पिशवीसारखी लोंबते. फार घट्ट घेऊ नका. ऊब पँट देत नाही, आत अडकलेली हवा देते. आत थर्मल मावेल एवढी जागा हवीच. उकळत्या पाण्यात आणि ब्लीचमध्ये धुऊ नका, स्पॅन्डेक्स मरतो. आणि ट्रायल रूममध्ये आरशात बघण्याआधी उकिडवं बसून बघा. ही बाबांची टेस्ट केस, दुसरी कुठलीही लागत नाही.

ऑक्टोबरात आम्ही चोपत्याहून पहाटे निघालो. बाबांच्या अंगात आत थर्मल, वर ती पँट, डोक्याला आईने दिलेला मफलर. साडेतीन-चार किलोमीटरची फरसबंद चढण त्यांनी काठी टेकत, दर वळणावर थांबत पूर्ण केली. मी गुडघ्याकडेच बघत होतो. दर्शन झालं. बाहेर चहाच्या टपरीवर बाकं सगळी भरलेली, आमच्यासारखे पोरंपोरी महागड्या पँटी घालून उभ्यानेच चहा पीत होती. बाबांनी ग्लास घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीच्या कडेला उन्हात सरळ उकिडवे बसले. गुडघा कुरकुरला, पँट नाही.

मी त्यांच्या शेजारी बसायचा प्रयत्न केला. टाचा टेकल्याच नाहीत. खुर्चीत सहा वर्षं काढल्यावर पँट कितीही ताणली तरी माणूस ताणला जात नाही, हे तिथे कळलं.

मालवणला परतल्यावर दुसऱ्या दिवशी बाबा लुंगीत. पँट धुऊन, घडी घालून कपाटात. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "हंयसर लुंगीच बरी. पण परत थंय गेलंव तर हीच."

मी सध्या रोज सकाळी पाच मिनिटं उकिडवं बसायची प्रॅक्टिस करतोय. लुंगीत.