माशाच्या शेजारचा माणूस

समुद्राखालच्या छायाचित्रणाचा इतिहास सहसा कॅमेऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जलरोधक पेटी कोणी बनवली, पाण्यात प्रकाश कोणी नेला, याच्या हकिकती त्यात असतात. भिंगासमोर पोहणाऱ्या माणसाला फार तर तळटीप मिळते आणि ती बाई असेल तर चार ओळी तिच्या रूपावर खर्च होतात. हा हिशेब मला चुकीचा वाटतो. शार्कसारख्या प्राण्याविषयी जगाचे मत गेल्या शंभर वर्षांत पालटले, त्यात कॅमेऱ्यापुढच्या माणसाचा वाटा कॅमेऱ्यामागच्याहून कमी नाही. याचे पहिले कारण भौतिकशास्त्रात आहे. पाण्यातून सपाट काचेत येताना प्रकाश वाकतो आणि वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी भासते. तांबडा रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो. मागे झाड नसते, घर नसते, क्षितिजही नसते. अशा निळ्या पोकळीतला मासा दोन फुटी की वीस फुटी, हे नुसते चित्र पाहून सांगता येत नाही. शेजारी माणूस आला की माप मिळते. त्याबरोबरच त्या प्राण्यापुढे कसे वागायचे, याचा नमुनाही प्रेक्षकाला मिळतो.

1899 साली फ्रान्समधल्या बान्यूल्स येथे लुई बुतांने पाण्याखाली उभ्या असलेल्या एमिल राकोवित्सा या जीवशास्त्रज्ञाचे छायाचित्र घेतले. राकोवित्साच्या अंगात पाणबुड्याचा जड पोशाख होता आणि हातात फलक. त्या चित्राला एवढेच सिद्ध करायचे होते की माणसाचा फोटो पाण्याखालीही निघतो. प्राणी चौकटीत आला आणि माणसाला भूमिका मिळाली, ती मारेकऱ्याची. 1914 मध्ये बहामा बेटांजवळ जॉन अर्नेस्ट विल्यमसनने बोटीखाली सोडलेल्या नळीच्या टोकाशी काचेची खोली बसवून चलच्चित्रण केले आणि शेवटी स्वतःच पाण्यात उतरून कॅमेऱ्यासमोर शार्कला सुऱ्याने मारले. पुढे कित्येक वर्षे पडद्यावर माणूस आणि शार्क एकत्र आले की सुरा निघणार, हे ठरूनच गेले.

हा साचा ठळकपणे मोडला तो 1950 साली, तांबड्या समुद्रात. व्हिएन्नाच्या हान्स हासने आपली सेक्रेटरी लोटे बायर्ल हिला मोहिमेवर नेले. पुढे तिने त्याच्याशी लग्न केले आणि ती लोटे हास म्हणून ओळखली गेली. तिला न्यायला हास सहजी तयार नव्हता. चित्रपट खपायचा तर त्यात तरुण स्त्री हवी, हा आग्रह चित्रपट कंपनीचा होता. तेव्हा आक्षेप उघड आहे: हे सगळे तिकीटबारीसाठीच होते. होते, यात वाद नाही. पण हेतू बाजारी असला म्हणून परिणामही बाजारीच होतो असे नाही. लोटेला ऑक्सिजनवर चालणारे श्वसनयंत्र लावून काम करावे लागे. शुद्ध ऑक्सिजन थोड्या खोलीनंतरच विषारी ठरतो, त्यामुळे चेहरा शांत ठेवणे हीसुद्धा तिथे मेहनतच होती. 1951 मध्ये व्हेनिसला बक्षीस मिळवलेल्या त्या चित्रपटात लोकांनी पाहिले ते असे की एक तरुणी मोठ्या माशांमध्ये पोहते आहे आणि कोणी कोणाला खात नाही. हासने हीच गोष्ट व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून सांगितली होती. ती लोकांच्या डोळ्यांना पटली लोटेमुळे.

उलट बाजूचा पुरावा तर याहून बोलका आहे. 1975 च्या ‘जॉज’ चित्रपटासाठी खरे पांढरे शार्क दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉन आणि व्हॅलरी टेलर या दांपत्याने चित्रित केले. चित्रपटातला यांत्रिक शार्क पंचवीस फुटी, खरे शार्क त्याहून बरेच लहान. मग लहान पिंजरा बनवला आणि त्यात अगदी बुटका स्टंटमन उतरवला. शार्क तेवढाच राहिला, माणूस आखडला आणि पडद्यावर राक्षस उभा राहिला. पाण्यातल्या माणसाला मी माप म्हणतो ते यासाठी. माप खोटे केले की प्राणीही खोटा होतो. ‘जॉज’नंतर शार्कविरुद्ध जो राग उसळला त्याने टेलर दांपत्य हादरले. हा कल्पित चित्रपट आहे, हे ती दोघे लोकांना सांगत राहिली. व्हॅलरी एकेकाळी भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत अजिंक्य होती, मग तो नाद तिने सोडला आणि नवऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर, पुढे स्वतःचा कॅमेरा घेऊन, ती शार्कमध्ये वावरली. पोलादी कड्यांचा अंगरखा घालून तिने निळ्या शार्कला आपला दंड चावू दिला, ती छायाचित्रे 1981 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने छापली. इथे कोणी म्हणेल, हा तर बनाव. अंगरख्याच्या आत माशाचे तुकडे खोचले होते, शार्क आपण होऊन थोडाच आला! बरोबर, पण पुरावा त्या बनावातच आहे. ज्या प्राण्याला चावायला लावण्यासाठी आमिष दाखवावे लागते, तो दिसेल त्या माणसावर झेपावणारा प्राणी नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. जवळिकीची चित्रे पाहून लोकही जवळ जाऊ लागले. मांटा या मोठ्या पाकटाच्या पाठीवर हात ठेवणे, कासवाला धरून पोहणे, फोटोसाठी मासे जमावेत म्हणून खाऊ टाकणे ही त्या नमुन्याचीच पिल्ले आहेत. स्पर्शाने मांटाच्या अंगावरचा श्लेष्माचा थर निघतो, खाऊ टाकल्याने माशांच्या सवयी बिघडतात. म्हणून कॅमेऱ्यापुढच्या माणसाने प्राण्यापासून अंतर राखले आहे ना, हे आता मॉडेलच्या कौशल्यात मोजले पाहिजे. चांगली मॉडेल श्वास आवरते, हालचाल संथ ठेवते आणि प्राण्याला स्वतःच्या वाटेने जाऊ देते.

आपल्याकडे किनाऱ्यावर लहान शार्कची ओळख अजून ‘मोरी’ म्हणून ताटातच होते, व्हेल शार्कला मात्र 2001 पासून कायद्याचे संरक्षण आहे. मालवण-तारकर्लीला पाण्याखाली फोटो काढून घेणारे पर्यटक एका अर्थी मॉडेलच असतात. त्यांनी गाईडला एवढे सांगावे: मासे जवळ यावेत म्हणून काही टाकू नका आणि प्रवाळाला हात लावायला सांगू नका.